बटणची सुई आणि माझी पिवळी फाईल

२ मार्च, सकाळी ७.१०

उठल्याबरोबर शाळेचा तो लांब कॉरिडॉर आठवला. फरशीच्या पॉलिशचा वास, त्यात मिसळलेला स्पिरिटचा वास. आम्ही सगळ्या मुली रांगेत, एक बाही दुमडून. टेबलावर स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात सुया उकळतायत. माझ्यामागे धाकटी बहीण. ती सात वर्षांची, मी नऊ, पण अंगानं ती माझ्याएवढीच. तिनं माझ्या युनिफॉर्मचा पट्टा मुठीत धरला होता. मी तिला म्हटलं, माझ्याकडे बघ, काही होत नाही. आणि दंड पुढे केला. सगळं लख्ख आठवतं.

आठवायचं कारण बटण. म्हणजे माझी नात. नऊ महिन्यांची झाली, गोवराची लस द्यायची आहे. लेक म्हणते, घाई कशाला. जावई म्हणतात, उद्याच. दोघं आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे त्यांचं भांडण जिन्यानं थेट खाली येतं. घरात कुणीतरी डोकं थंड ठेवायला हवं. तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते. दोन्ही बाजूंची पुस्तकं एका कपाटात नांदवली आहेत.

संकल्प: पूर्ण तटस्थ राहणे.

४ मार्च

दोन फायली केल्या. निळी: शास्त्र. पिवळी: शंका. अनुक्रमणिका सुबक अक्षरात. लेकीनं दोन्ही वाचाव्यात आणि शांतपणे ठरवावं.

निळीत डॉक्टरांनी दिलेलं एक पत्रक. पिवळीत सध्या एकोणीस पानं. सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींचा ग्रुप फारच उत्साही आहे. शास्त्र नेमकं बोलतं, म्हणून निळी बारीक. त्यात माझा काही दोष नाही.

६ मार्च, दुपार

जावई लिफ्ट दुरुस्त करतात. फाईल चाळून म्हणाले, सासूबाई, रोज हजार माणसं माझ्या नटबोल्टच्या भरवशावर दहाव्या मजल्यावर जातात, एकानंही मला कधी पुराव्याची लिंक मागितली नाही. निळीत टिपून ठेवलं. आता निळीत दोन पानं.

पिवळीत चौतीस.

७ मार्च

लेक खाली आली, बटणला कडेवर घेऊन. म्हणाली, आई, आठवड्यापूर्वी ही 'बा' म्हणायला लागली. फक्त 'बा'. पंख्याला, चमच्याला, मला, सगळ्यांना. सुईनंतर ते थांबलं तर? पिवळीत पान बावीसवर एका बाईनं तिच्या मुलाचं लिहिलंय तसं.

लेक स्वतः बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द 'नको' होता, आणि अजून तो चांगला चालतो. तिला म्हटलं, पान बावीस मला पटत नाही, फक्त समतोलासाठी लावलंय. म्हणाली, मग पटत नाही असं त्यावर लिहायचं ना. 

मुद्दा बरोबर. उद्या शेरे लिहावेत.

९ मार्च

शेरे राहिले. लेकीबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले, आधार म्हणून. त्यांनी अर्धा तास दिला. ताप येऊ शकतो, तोही आठवड्याभरानं. अंगावर थोडं पुरळ येऊ शकतं. बोलणं थांबण्याचा आणि लसीचा संबंध शोधून शोधून दमले लोक, सापडला नाही. लेकीनं मान डोलावली. मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आजी, बाळाजवळ असता, डांग्या खोकल्याचा तुमचा बूस्टर राहिलाय, मी दोनदा सांगितलंय, आत्ता घेऊन टाकू?

म्हटलं, आत्ता नको, शिंक आल्यासारखी वाटतेय.

शिंक आली नाही. पण येऊ शकली असती.

१२ मार्च

बूस्टरसाठी आज जाणार होते. भाजी चिरताना बोट कापलं. डाव्या हाताचं. लस कोणत्या हाताला देतात ते विचारायला हवं. तूर्तास दोन्ही हात सुट्टीवर.

१३ मार्च

आज नक्की जाणार होते. दवाखान्यापर्यंत गेलेही. पार्किंगला जागा नव्हती.

(चालत गेले होते, असं हे आत्ता खांद्यावरून वाचून म्हणतायत. ह्यांनी रोजनिशी वाचू नये, हा नियम पुन्हा सांगावा.)

१६ मार्च, सकाळी ९

मागच्या गल्लीतल्या पाळणाघरात एका मुलाला गोवर. तापानं फणफणलंय, हॉस्पिटलात ठेवलंय. त्याच पाळणाघरात बटणचं नाव घातलेलं. लेक चोवीस तारखेला कामावर रुजू व्हायची आहे.

वरच्या मजल्यावर सकाळपासून आवाज नाही. भांडण ऐकू यायचं तेव्हा बरं होतं.

१७ मार्च

जिना चढून गेले, समेट घडवायला. जावई पाठ करून भिंतीवरचा ठीकठाक दिवा दुरुस्त करत होते. लेकीला समजावलं, अगं, एवढं घाबरून कसं चालेल? तर ती म्हणाली, आई, मी घाबरलेच नव्हते. फेब्रुवारीत तारीखसुद्धा घेतली होती, मार्चच्या मध्याची. मग तू फाईल दिलीस.

मी म्हटलं, दोन दिल्या.

म्हणाली, हो. एक एकसष्ट पानांची आणि एक दोन पानांची. आणि तू स्वतः बूस्टर टाळत हिंडतेयस, ते दिसत नाही का मला? तू घे आधी. तू घेतलीस की त्याच दिवशी बटणला देते.

खाली आले. ह्यांना विचारलं, मी तटस्थ नव्हते का? हे म्हणाले, होतीस ना, पंखा तटस्थच असतो, निखाऱ्यावर धरला तरी.

१८ मार्च, संध्याकाळी ५

एकच उपाय उरला: साक्षीदार. लेकीला खाली बोलावलं, धाकटीला फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, शाळेतल्या गोवराच्या लसीची गोष्ट सांग हिला. लेकीला म्हटलं, तुझी मावशी सांगेल, मी कशी होते ते.

धाकटी हसायलाच लागली. म्हणाली, अगं ताई, कुठली सुई? तू तर म्युझिक रूममध्ये पियानोमागे होतीस!

म्हटलं, बुटाची लेस बांधायला गेले असेन.

म्हणाली, चाळीस मिनिटं? तुझा नंबर पुकारला, तू नाहीस. कॉन्व्हेंटची मदर यादी घेऊन उभी. मला वाटलं, आता ही छडी खाणार. म्हणून मीच परत रांगेत शिरले, दुसरी बाही दुमडून. सारखा युनिफॉर्म, सारख्या वेण्या, नर्स काय ओळखणार? एक माझी, एक तुझी. आणि बघ, दोन घेऊन धडधाकट आहे मी. गुडघे सोडून.

लेक माझ्याकडे बघत होती. मी फोनकडे.

मग धाकटीचा आवाज जरा खाली आला. म्हणाली, चुकलंच माझं. दोन महिन्यांनी तुला गोवर झाला. तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत होतीस. मला आत येऊ देत नव्हते, मी दाराबाहेर बसून मोठमोठ्यानं गोष्टी वाचायचे. त्यातच तुझा डावा कान गेला.

मी म्हटलं, कान घंटेमुळे गेला. शाळेची घंटा वाजवायचा मान माझा होता, तिच्याखाली उभं राहून राहून.

म्हणाली, ताई, घंटा तुला दिली, कारण ती तुलाच सोसायची.

फोन ठेवला. चष्मा पुसला. स्वच्छच होता. लेक उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. आत्ता लक्षात येतंय, ती लहानपणापासून उजवीकडेच बसते.

२० मार्च, सकाळी ८.३०

आज. पळवाट नाही, लेकीनं अपॉइंटमेंट दोघींची एकत्र घेतली आहे. मी घाबरलेले नाही. पण व्यवस्थित माणसानं नोंद ठेवावी.

शिलाई मशीन: लेकीला. मोत्यांची कर्णफुलं: धाकटीला. पुस्तकं: ग्रंथालयाला, आणि त्यातली तीन त्यांचीच आहेत, तेव्हा जुन्या कर्मचाऱ्याची लाज राखावी. हे: ह्यांचा चष्मा ह्यांच्याच डोक्यावर असतो, हे कुणीतरी रोज सांगावं.

२० मार्च, दुपारी १.१५

झालं.

आधी मी. सुई बाहेर काढताच मी खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून थोडा विचार केला. लेक म्हणते, पूर्ण दोन मिनिटं, पाय वर करून, नर्स वारा घालत होती. शुद्धीवर आल्यावर म्हटलं, टोचा आता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीच टोचली.

मग बटण. लेकीनं तिला घट्ट धरलं, जावयांनी लेकीला. बटण रडली. मी घड्याळ लावलं होतं: अकरा सेकंद. मग बाहेर अर्धा तास बसवून ठेवलं. लेक तिच्या ओठांकडे बघत होती; श्वास घेत नव्हती म्हटलं तरी चालेल. अकरा चाळीसला बटणनं छताकडे बघितलं आणि पंख्याला म्हणाली, बा.

लेक रडली. तिचा वेळ मोजला नाही.

निघताना नर्सनं बटणला 'मी शूर आहे' असं स्टिकर दिलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मलाही एक दिलं.

सकाळची यादी रद्द. नवी यादी:

पिवळी फाईल: रद्दीत. आधी फाडून.

निळी फाईल: लेकीला. दोनच पानं आहेत, पुरतील.

मोत्यांची कर्णफुलं: तूर्त माझ्याकडेच. डावीकडचं नुसतं शोभेला का होईना.

स्टिकर, दोन नग: धाकटीला, पोस्टानं. एकाची कड बटणनं चघळली आहे, चालवून घ्यावं. एक उजव्या दंडाचं, एक डाव्या.