ठमाबाईची ठिणगी

दि. ४ मार्च

चि. पाना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

ठमाबाई बंद पडली. तुझ्याहून वयाने मोठी गाडी, आयुष्यात कधी रुसली नाही, ती आता शेडमध्ये फुगून बसली आहे. प्लगच्या वायरी तडकल्या होत्या म्हणून मी स्वतः नव्या घातल्या, आणि तेव्हापासून ठिणगी नाही. शेडचं दार लावून अंधार केला, प्लग वायरीला लावून पकडीने इंजिनाला टेकवला आणि तुझ्या आईला सेल्फ मारायला लावलं. ठणठणाट! आई म्हणते, टिकटिक ऐकू येते. म्हटलं, तुझ्या हातातलं घड्याळ असेल.

पॉइंट बदलले. कंडेन्सर बदलला. कॉइलसुद्धा नवी आणली, पण हल्लीचे कारखानदार सुटे भाग झोपेत बनवतात. सेल्फ मारला की बाई नुसती खोकते, मध्येच कार्ब्युरेटरमधून फाटकन आवाज काढते आणि गप्प. शेजारचा शिंपी विचारतो, पेट्रोल आहे ना? त्याची अक्कल सुईच्या नेढ्यातून जाईल आणि वर जागा उरेल. जावईबापूंचा फोनवर सल्ला आला की भंगारात काढा. त्यांना म्हणावं, आधी जॅक सुलटा लावायला शिका.

उभा जन्म गॅरेजात गेला माझा, आणि तिथे माझा कायदा एकच होता. ठिणगी दिसली तर आहे, नाही दिसली तर नाही. तू त्या शाळेत पोरांना इंजिन शिकवतेस, तर तुझ्या पुस्तकात काही लिहिलंय का बघ. तुझ्या बाळंतपणासाठी आईला मी माझ्याच गाडीतून आणणार. डोंगरातला रस्ता मला कुणी शिकवायला नको.

उत्तर आई वाचून दाखवेल. चष्मेवाल्याने काचा भिकार दिल्या आहेत.

ओरडलो तरी माया तेवढीच आहे, हे धरून चाल.
तुझा बाप

दि. ११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, म्हणजे बहुतेक पोचलं. ओळी उताराला लागल्यासारख्या घसरत गेल्या आहेत, आणि शेवटच्या ओळीचा अर्धा शब्द कागदाऐवजी टेबलावर राहिला असणार.

वा बाबा! हे बदललं, ते बदललं, कॉइलही नवी आणली. आमच्या वर्गात याला दोष शोधणं म्हणत नाहीत, बाजारहाट म्हणतात. एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. अहो, उत्तर तुमच्याच पत्रात आहे! ठिणगी नसेल तर इंजिन मुकाट फिरतं. तुमचं खोकतंय, फाटकन आवाज करतंय. मग आतलं पेट्रोल पेटवतंय कोण, शिंपीकाका? ठिणगी आहे, फक्त भलत्या वेळी भलत्या सिलिंडरमध्ये पडते आहे. नव्या वायरी घालताना तुम्ही दोन वायरींची अदलाबदल केलीत. आणि हे कुणी, तर ज्यांनी मला पाढ्यांच्या आधी एक-तीन-चार-दोन हा ठिणगीचा क्रम पाठ करायला लावला त्यांनी!

आता ठिणगी असून तुम्हाला दिसली कशी नाही? हे मला कळत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. आई, वाचताना इथे अडखळू नकोस. शिंपीकाकांना सेल्फवर बसव आणि या खेपेला प्लगकडे तूही बघ.

डॉक्टरांनी मला पलंग सोडायची बंदी केली आहे, नाहीतर मीच येऊन थडकले असते. जॅकचा मुद्दा मात्र मान्य.

माझ्यावर चिडा, पण जीव लावणं सोडू नका.
तुमची, पाना

दि. १७ मार्च

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. तू म्हणालीस तसं केलं. शिंपीभावजी सेल्फवर बसले, आणि आम्ही दोघं प्लगवर वाकलो. अगं, टिकटिक टिकटिक चांगली निळी, टपोरी ठिणगी! माझ्या डोळ्यांसमोर नाचत होती. आणि हे त्याच प्लगवर नाक टेकवून म्हणतात, बघ, आहे का काही? तुझ्या लेकीला कळव, पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत.

भावजींनी आतून विचारलं, वहिनी, दिसली का. मी डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं आणि घरात निघून आले.

मागे फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हा दोष खांबाचा होता. वाणी समोरून हसला तरी हे ओळख देईनात, तेव्हा मला वाटलं, ताठा चढलाय. इतकी वर्षं ताठाच बघत आले, दुसरं काही सुचणार कुठून मला! मीही मेली आंधळीच.

वायरी मी लावू शकते. जन्मभर ह्यांच्या हातात पाने दिले, एवढं येतं मला. पण गाडी चालू झाली की हे मला शेजारी बसवून डोंगरात घालतील, आणि अडवायची माझी छाती नाही. काय करू, ते तूच सांग.

तब्येत सांभाळ. माझा सगळा जीव तुझ्यात आहे.
तुझी आई

दि. २२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, एकही शब्द न गाळता वाच.

बाबा, ठिणगी आहे. आईने पाहिली. तुम्ही तिच्यावर नाक टेकवून उभे होतात आणि तुम्हाला ती दिसली नाही. आता पॉइंटला, कॉइलला, खांबाला, चष्मेवाल्याला शिव्या देऊन झाल्या असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आईवर डाफरू नका. तिने हे घाबरून लिहिलं, आणि मी तिच्याहून जास्त घाबरले आहे. सगळ्या जगाला मूर्ख ठरवाल, पण तुम्हाला डॉक्टरकडे जायचं नाही!

वायरी आई लावेल. गाडी तुम्ही चालवायची नाही. चालवत आलात तर मी दार उघडणार नाही आणि नातवंड दाखवणार नाही.

लोभ आहे म्हणूनच इतकी तोडून लिहिते.
तुमची, पाना

दि. ३० मार्च

चि. पाना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. मध्ये ती आपलं काही घुसडेल तर ते माझं समजू नकोस.

तुझं पत्र ऐकून आधी तुझ्या नावाने भरपूर शंख केला. मग गेलो. डॉक्टर म्हणजे कालचं पोर, वर स्वतःलाच जाड भिंगाचा चष्मा! म्हणतो, नजरेच्या ऐन मध्यावर डाग पडलाय, तो जायचा नाही. वाढू नये म्हणून इंजेक्शनं घ्या. बघाल ते दिसणार नाही, कडेचं दिसेल. मी विचारलं, गाडीचं काय. त्याने मान हलवली असावी. मला ती दिसली नाही, पण तुझ्या आईने माझा हात धरला. (डॉक्टर चांगले आहेत. आई)

दोन आणि तीन नंबरच्या वायरी उलट्या होत्या. तुझ्या आईने बदलल्या, मी चावी तिच्याच हातात दिली. पहिल्या सेल्फला ठमाबाई सुरू! आणि आई मला सांगते, अहो, चालू झाली. मला सांगते! मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. चारही सिलिंडर बोलत होते. मग तिला म्हटलं, बंद कर आता.

शनिवारी बसने येतो आहोत. बस म्हणजे पत्र्याचं डबडं, आणि चालवणारा क्लच कसा जाळतो ते मी त्याला वाटभर ऐकवणार आहे. स्टँडवर जावईबापूंना पाठव. जॅकबद्दल बोलणार नाही. बोललोच तर थोडंसं.

मायेत खंड पडू देऊ नकोस.
तुझा बाप

ता. क. नातवंड दाखवणार नाही असं लिहिलं होतंस. दाखव. पण हौसेने माझ्या नाकासमोर धरू नकोस, तिथे काही नाही. जरा बाजूला, माझ्या खांद्याजवळ धर. तिथून दिसेल मला.