पाचवीची सोडत

श्री

लातूर, १२ जून १९९५

ति. दादास, लताचा नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल. अपूर्वाचं पाचवीचं मात्र फिसकटलं. शाळेत जागा थोड्या, अर्ज ढीगभर, म्हणून सोडत काढली. चिठ्ठ्या लहान लेकराच्या हातानं काढायचा रिवाज, आणि हेडमास्तरांना समोर दिसला आपला मुकुल! पठ्ठ्यानं घागरीत हात घालून साऱ्या गावाची पोरं आत घेतली, सख्खी बहीण तेवढी बाहेर ठेवली. अपूर्वानं त्याच्याशी अबोला धरलाय, आणि तो बिचारा घरातल्या डब्याडब्यात तिची चिठ्ठी शोधतोय.

आता उरली नगरपालिकेची शाळा. भूकंपात इमारतीला तडे गेले तेव्हापासून तिचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतात. शेजारच्या सुकन्याताईंचं म्हणणं, की पाया कच्चा राहिला तर पुढं क्लासवाले दारात उभं करत न्हाईत. ऐकून माझी झोपच उडाली.

तू शिकवतोस त्या शाळेत तिला घेतील का? तुझ्याकडेच राहील. गावोगावची पोरं शिकायला लातूरला यायलीत आणि मी माझी नांदेडला धाडतेय, हस खुशाल. हे म्हणतात, दादा ठरवतील ते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी लता

नांदेड, १६ जून

चि. लतास अनेक आशीर्वाद.

मुकुलच्या हातगुणाला पोटभर हसलो. आमच्या शाळेत जागा आहे, मी बोललो. तुझ्या वहिनीनं तर खिडकीजवळचा पलंगही रिकामा केला. मुलं पुण्याला गेल्यापासून घर खायला उठतं. पोरगी आली तर आम्हालाच सोबत.

पण तुझं पत्र आल्यापासून मुदखेडची आपली शाळा डोळ्यांपुढून हलत नाही. शाळा कसली, गळकी कौलं आणि सारवलेली जमीन. शेजारच्या स्टेशनात इंजिन शंटिंगला लागलं की गुरुजी पाढे थांबवायचे, आणि ते गेलं की आपण अवघड ओळ गाळून खुशाल पुढची धरायचो. पाचवीला नानांनी मला इथं आत्याकडे ठेवलं. आत्यानं जीव लावला, मार्कही पडले. दिवाळीला घरी आलो, तर आईनं मला पाट मांडला, चांगलं ताट काढलं आणि पाहुण्याला वाढावं तसं आग्रहानं वाढलं. तुम्ही सगळे चुलीपाशी बसून खिदळत होता. लता, मला फार रडू आलं. आजवर कुणाला सांगितलं नाही.

तू पाठव, मी नको म्हणणार नाही. फक्त पोरीला एकदा विचार. मला कुणी विचारलं नव्हतं.

मुलांना पापा. ख्यालीखुशाली कळवत जा.

तुझा दादा, रेणुकादास

लातूर, २१ जून

ति. दादास सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून डोळे पुसले. आणि मला वेडीला तेव्हा त्या ताटाचा हेवा वाटायचा!

अपूर्वाला विचारलं. पलंगाचं ऐकून आधी हरखली. मग माझ्यासोबत मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, की परत जमीन हलली आणि आम्ही तिघं त्यात गेलो, तर ती एकटी मामाकडे राहून काय करणार. पावणेदोन वर्षांत पोरगी भूकंपाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. आम्ही समजत होतो, विसरली. दादा, मी तिला पोटाशी धरलं.

आज नगरपालिकेच्या शाळेत नाव घातलं. शेड तापतं, पण बाई मन लावून शिकवतात. क्लासचं पुढं बघू. वहिनींनी वाईट वाटून घेऊ नये, सुट्टीत दोन्ही पोरं तुमच्याकडेच.

तिथल्या हेडमास्तरांनी विचारलं, हीच शाळा का. हे काहीतरी मोठं सांगायला घसा खाकरत होते, तेवढ्यात अपूर्वाच बोलली, की इथनं घर जवळ हाय.

माया असू दे.

तुझी लता