हातगुणाचं इंग्रजी

चेन्नई, ४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी 'मालिश' म्हणालो आणि तुम्ही 'माचिस' ऐकलंत, म्हणून हे पत्र. बाळ दवाखान्यातून घरी आलं. अपुऱ्या दिवसांची पोर, एवढीशी आहे. हलक्या हाताने मालिश करायला डॉक्टरांची हरकत नाही, पण मलर तिला कुणाला हात लावू देत नाही. मलरची आई आजारी, आणि माझी आई तर आता राहिली नाही. मला चंदाआत्याला बोलवायचं आहे.

मलरला मराठी येत नाही, घरात इंग्रजीच चालते. आत्याच्या हातगुणाला इंग्रजीत काय म्हणू? 'एक्सपर्ट' म्हटलं तर ती सर्टिफिकेट विचारते. तुम्हीच तुमच्या या सूनबाईला चार ओळी लिहा. तोवर आत्याला काही बोलू नका. नकार आला तर तिच्या जिवाला लागेल.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमचा,
प्रफुल

केशोरी, ११ ऑगस्ट

चि. प्रफुल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काही बोलू नका म्हणतोस, पण तुझं पत्र पोस्टमनकडून चंदानेच घेतलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. नकाराच्या ओळीपाशी आली आणि पत्र माझ्या हातात दिलं. तिला स्वतःचं मूलबाळ नाही, पण निम्मं गाव तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आहे. आता घरच्या नातीला हात लावायला मिळणार की नाही, एवढंच तिच्या डोक्यात आहे. सुनेले मी चालत नाही का, म्हणून विचारून राहिली. पिशवी मात्र भरून ठेवली आहे.

सूनबाईसाठी कागद सोबत जोडला आहे. जन्मभर मराठी शिकवली, इंग्रजीशी माझं कधी पटलं नाही. 'स्किल' लिहून खोडलं, ते गवंड्यालाही चालतं. 'मॅजिक' लिहिलं, तर चंदा जादूटोणा करते असं वाटायचं. तिने पाठीवरून हात फिरवला की रडतं पोर शांत होतं, त्याला आपण हातगुण म्हणतो. शेवटी 'हात'चा 'हँड' केला आणि 'गुण' इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवून जोडून टाकला. चंदा प्रत्येक बाळाकडे आपला हँडगुण घेऊन जाते, असं वाक्य झालं. मला तरी झकास वाटतं.

सूनबाईस व बाळास आशीर्वाद. लोभ कमी पडू देऊ नका.
तुझे बाबा,
केवळराम

चेन्नई, २ सप्टेंबर

ती. दादास,
चंदाचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचली. दादा, तुझा तो शब्द इंग्रजीत हँडगन वाचतात, म्हणजे पिस्तूल! बाळाजवळ पिस्तूल घेऊन येणारी ही बाई कोण, असं सूनबाईने घाबरून विचारलं म्हणे. प्रफुलला हसू आवरेना. त्याने समजावल्यावर तीही हसली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. मग म्हणाली, बोलवा त्यांना.

आधी ती माझ्या हातांवर नजर ठेवून उभी राहायची. मग एक दिवस तिनेच पोरीला माझ्या पायांवर ठेवलं आणि बाजूलाच झोपून गेली. किती रात्रींची झोप होती कोण जाणे. मला रडूच आलं.

पण एक गोष्ट सलते. शेजारीण आली की सूनबाई माझ्याकडे हात करून 'मदर-इन-लॉ' म्हणते. मदर मला समजते. पण आपल्या गावच्या भोजराजचा पोरगा लॉ शिकून वकील झाला, म्हणजे लॉ हा कायदाच ना? पिस्तुलाचं तर मिटलं होतं, आता कायदा काऊन काढून राहिली? प्रफुलला विचारायची लाज वाटते. तू लवकर कळव.

तब्येतीला जप, आठवण ठेव.
तुझी,
चंदा

केशोरी, ९ सप्टेंबर

चि. चंदास,
आशीर्वाद. वि. वि.

माझ्या इंग्रजीवर आता कोणी भरवसा ठेवू नये, पण हा शब्द मला पक्का ठाऊक आहे. भिऊ नको. मदर-इन-लॉ म्हणजे सासू. प्रफुलची आई असती तर तिलाच सूनबाई असं म्हणाली असती. ती जागा तिने तुला दिली, तीही न सांगता, चारचौघांत.

शब्द फोडून बघितला तर अर्थ होतो कायद्याने आई.

यापुढे कोणी विचारलं, चंदाबाई, मुलंबाळं किती, तर मान खाली घालू नको. कायदा तुझ्या बाजूने आहे.

पोरीच्या पाठीवरून माझ्या नावाने एकदा हात फिरव.
तुझा दादा,
केवळराम