मावशीच्या हातातल्या गोळ्या

गुरुवार, संध्याकाळ. वडीगोद्री.

आई लघवीच्या संसर्गानं गेली. अजून दहावाही झाला नाही, तोच मेडिकलवाल्या चुलतभावाला, विलासला, कारण सापडलं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जंतूंमध्ये औषध निकामी करणारं जनुक होतं. गोळ्यांचा कोर्स दर वेळी अर्धवट राहिल्यानं नेमके तेच जंतू टिकले, वाढले. या शहाण्या विलासनं त्यातला एकच शब्द उचलला. आज बैठकीत म्हणतो, "जनुक म्हंजे खानदानी. काकूच्या माहेराहून आलं. आपल्यात असलं काई न्हाई." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! जनुक जंतूंचं, माणसाचं नव्हे, हे कळायला किती अक्कल लागते? आईला दर वेळी दोन सुट्या गोळ्या देणारा हाच.

आईची धाकटी बहीण खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच विलासला म्हणाली, "मलाबी लघवीला जळजळ होऊन राह्यली, बाबा."

त्यानं खिशातून त्याच गोळ्या काढल्या. खिशातून! दुखवट्यालाही दुकान सोबत.

"दोनच घे, मावशी. जल्दी आराम पडंल."

मी कधी उलट बोलत नाही. आज तिच्या हातातल्या गोळ्या घेतल्या आणि त्याच्या चहात टाकल्या. "तूच घे. तुझं खानदान चांगलंय."

मावशी घाबरून म्हणाली, "मंग मी काय घेऊ रे?"

उद्या सकाळी तिला लघवी तपासायला जालन्याला नेतोय.