उभ्यांच्या हॉलमध्ये एक आडवा

बीड,
शुक्रवार, दुपारी दुकानातून

लिंगैक्य संगमेश्वर यास मल्लिनाथचा शरणु शरणार्थी. विनंती विशेष.

इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी खुशाली विचारावी की नाही, यावर मी पाच मिनिटं नुसता पेन धरून बसलो होतो. पत्रात आधी तब्येत विचारायची ही आपली रीत. पण तुला जाऊन पाच महिने होत आले, आणि तुझ्या शिवगणाराधनेला पंगतीत मीच वरण वाढलं. तरीही गेल्या तीन आठवड्यांत तू जे काही चालवलं आहेस ते पाहता तब्येत ठणठणीत असावी, असं धरून पुढे लिहितो. शिवम्मा वहिनी बऱ्या आहेत. परवा दुकानात येऊन कुकरची शिट्टी घेऊन गेल्या (जुनी शिट्टी तू कशाने तरी खरवडून बिघडवलीस, असं अजून सांगतात).

हे पत्र टाकायचं कुठं, हाही प्रश्नच होता. तुला जवळचं वाचता येत नव्हतं आणि चष्मा लावायची लाज वाटायची, पण पन्नास मीटरवरच्या नेमाच्या कार्डावर बसलेली माशी नर की मादी हे तू छातीठोक सांगायचास. म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि हे कागद रायफल क्लबच्या मागच्या मैदानात, पन्नास मीटरवरच्या तुझ्या चौकटीत टाचणार आहे. नीट पडून, दुर्बीण लावून वाच.

मांजरसुंब्याच्या रस्त्यावरचा आपला क्लब तू सोडून गेलास तसाच आहे. पुढे कापसाच्या जुन्या गोदामात आम्ही उभे, म्हणजे दहा मीटरवर छऱ्याची एअर रायफल उभ्याने मारणारे. मागे उन्हात तुम्ही आडवे, म्हणजे पोटावर पडून पन्नास मीटरवर खरी काडतुसं उडवणारे. तुम्ही आम्हाला बगळे म्हणायचं, आम्ही तुम्हाला पालथे घडे. झोपून खाणाऱ्यांना कसले आलेत नेम, असं आम्ही म्हणायचं, आणि पंख्याखाली हवा मारणाऱ्यांना वारा काय कळणार, असं तुम्ही. भूमिअभिलेख कार्यालयातला भारत तेवढा गुडघ्यावर बसून, पडून आणि उभ्याने असं तिन्ही मारतो, म्हणून त्याला सगळेच त्रिस्थळी म्हणतात आणि कुणीच आपल्यात धरत नाही. पण परगावी सामन्याला गेलो की डबा एकच असायचा. लातूरला एका पोराने तुला ‘झोपाळू काका’ म्हटलं तेव्हा पहिली बाही मीच सारली होती, हे विसरू नकोस.

तर मुद्दा. तुझी शिवांजली मागचं मैदान सोडून आमच्या हॉलमध्ये आली, तिला मी उभ्याने मारायला शिकवलं, आणि तू भर क्लबात म्हणालास, “मल्ल्या, तू माझी पोरगी चोरली.” त्यानंतर अकरा महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. मीही बोललो नाही. (मला वाटलं होतं, दिवाळीत तू येशील. तुलाही तसंच वाटलं असणार. आपण दोघंही गाढव.) मग परळीला लग्नाला गेलास आणि मांडवात अक्षता हातात घेऊन बसल्या बसल्या गेलास. मी खांदा दिला, पण खांदा देणं म्हणजे बोलणं नव्हे, ते राहिलंच.

तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी सराव सामना होता. भर दुपार, पत्रा तापलेला, हॉलमध्ये मुंगी चालली तरी ऐकू येईल अशी शांतता. तुला आमचे नियम कधी ऐकायचे नव्हते म्हणून सांगतो: साठ कार्डं, एका कार्डावर एकच छर्रा. शिवांजली तीन नंबरच्या लेनवर. अकरावं कार्ड दोरीवरून तिच्याकडे परत आलं तर त्याला दोन छिद्रं. एक तिचं, नऊ गुणांचं. दुसरं बरोबर मधोमध, दहाचं. बार एकच झाला होता, हे पंच राजश्री मॅडमनी स्वतः ऐकलं. मॅडमनी मापाची सळई काढून घातली. तिच्या छिद्रात ती बसली. दुसऱ्यात नुसती हलत राहिली, इतकं ते मोठं. ते छऱ्याचं नव्हतंच. ते तुमच्या काडतुसाच्या पॉइंट टू टू रायफलचं होतं, जी त्या हॉलमध्ये आणायलाच बंदी आहे.

मागच्या लोखंडी पत्र्यावर तिचा छर्रा चपटा होऊन पडला होता. दुसऱ्याचा मागमूस नाही, पत्र्यावर ओरखडाही नाही. कार्डाचा कागद मात्र खालून वर फाटला होता, म्हणजे मारणारा जमिनीलगत होता. आणि हॉलमध्ये जळलेल्या बारुदीचा वास होता, संगमेश्वर. एअर रायफलला बारूद नसते. गोदामाच्या चाळीस वर्षांत तिथं कापूस आणि घाम याशिवाय कसला वास आला नव्हता. त्या दिवशी तशी तीन कार्डं निघाली. जादा छिद्राला दोन गुण कापतात, त्यामुळे पोरीचे सहा गेले. पुढच्या शनिवारी तीन, त्याच्या पुढच्या शनिवारी तीन. तिन्ही वेळा ती निवडीच्या आकड्याच्या चार-पाच गुण खाली राहिली. तू सढळ हाताने देतोस आणि तिच्या हातचं जातं, असा तुझा हिशेब आहे.

झाडणाऱ्या छबुबाईंनी दुसऱ्या शनिवारी आरडाओरडा केला. “कोण झोपलतं हितं? मी आत्ताच झाडून गेलते.” तीन नंबरच्या लेनवर, शिवांजलीच्या पायांच्या डाव्या अंगाला, धुळीत एक माणूस पालथा पडल्याची खूण होती. पोट, दोन कोपरांचे खळगे, उजवा गुडघा वर ओढलेला. डावं कोपर उजव्याच्या वीतभर पुढे. तसं कोपर टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि त्याला तीस वर्षं त्यावरून चिडवलं. छबुबाईंनी ती खूण झाडली. चहा पिऊन परत आलो तर ती तिथंच होती. आता त्या तेवढी जागा सोडून झाडतात, आणि जाताना पदर सावरून म्हणतात, “दादा, जरा सरका.”

मग बैठक बसली. तुला वाटेल लोक घाबरले असतील. घाबरले होतेच (कुणी तीन नंबरकडे पाठ करून बसेना), पण भांडण लागल्यावर विसरले. तुमच्या आडव्यांनी छाती फुगवून सांगितलं, की छिद्र आमच्या मापाचं, खूण आमच्या आसनाची, तेव्हा हा माणूस आमचा. आम्ही म्हटलं, आमच्या हॉलमध्ये, आमच्या कार्डावर, आमच्या पोरीच्या शेजारी दहा मारतोय, तेव्हा तो शेवटी आमच्यात आला. मेल्यावर का होईना, अक्कल आली. मग भारत उठला. तो म्हणाला, “तुमी दोघंबी चुकता. त्यांना पुरलं कसं? बसवून. म्हंजी आता ते आमच्यातले.”  आपल्या लिंगायतांत समाधी बसवूनच देतात हे सगळ्यांना माहीत. जन्मभर पोटावर पडलास आणि शेवटी तुला ताठ बसवलं, हे मी त्या दिवशीही पाहत होतो आणि मला वाटलं होतं, याला किती अवघडत असेल. भारतने ठराव लिहायला घेतला. राजश्री मॅडमनी वही काढून घेतली आणि विचारलं, “तुमाला त्यो कुणाचा हाय ते पाहिजे, का पोरगी वाचवायची हाय?” 

गेल्या बुधवारी दुपारी एक वाजता मी एकटा हॉलवर गेलो. चार नंबरच्या लेनवर, म्हणजे तुझ्या शेजारी, रायफल न घेता उभा राहिलो. आधी काही नव्हतं. मग खालून रायफलच्या चामडी पट्ट्याचा करकर आवाज आला, दंडाला आवळताना येतो तसा. मग श्वास. एक पूर्ण, एक पूर्ण, आणि तिसरा अर्धा सोडून थांबवलेला. तो पुढे सुटेना. मी मोजत होतो, दहा झाले, वीस झाले, चाळीस झाले, माझाच जीव घुसमटला. खाली बघायचं माझं धाडस झालं नाही. मी म्हणालो, “संग्या, चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं तुला.” ते सगळं अकरा महिन्यांचं मी तिथं, पत्र्याकडे बघत, बोलून टाकलं. श्वास काही सुटला नाही. घरी येऊन मी तापलो. मला तुझी भीती वाटते, आणि आठवण त्याहून जास्त येते.

परवा रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी आहे. ज्युनिअर गटातलं शिवांजलीचं हे शेवटचं वर्ष. यंदा राज्याला गेली तर गेली. पंच बाहेरगावचे येणार आहेत, ते कागद बघणार, कारणं ऐकणार नाहीत. तिच्या कार्डावर पॉइंट टू टूचं एक जरी छिद्र निघालं तरी गुण नव्हे, नावच कापतील. बंदुकीचा खोटेपणा म्हणून तिच्या नावावर शिक्का बसेल तो निराळाच. तू बाप आहेस, तुला चांगलंच करायचं आहे, हे मला कळतं. पण आमच्यात दुसऱ्याचा दहा चालत नाही. तेव्हा एवढीच विनंती, की रविवारी थांब. पडून राहा, बघ, पण मारू नकोस.

कळावे, लोभ होता तो असू द्यावा.

तुझा चोर,
मल्लिनाथ

ता. क. हे पत्र टाचण्याआधी शिवांजलीला वाचून दाखवलं. ती ऐकून घेईल, मान हलवेल, असं मला वाटलं होतं. तिने बॅगेतून ती नऊ कार्डं काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारखा टाकून ठेवली आहेत. म्हणाली, “काका, त्यांना थांबा म्हणू नका. मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. मी उभी ऱ्हायली की डाव्या पायाला ऊन लागल्यावानी वाटतं. बाबा जिते असताना माझ्या हॉलमध्ये एकदाबी आले न्हाईत. आता आलेत तर तुमी हाकलायलेत.” मी राज्याची, शेवटच्या वर्षाची गोष्ट काढली. ती म्हणाली, “जाऊद्या राज्य. ते छिद्र पडायचं बंद झालं की मग बाबा गेलेच की.” मी ती पिशवी तिच्या बॅगेत परत ठेवली. भांड्याचा दुकानदार आणखी काय करणार?

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द समज. रात्रभर विचार केला, आता नवी ऐक. रविवारी मीही उतरतोय, वयस्कर गटात, तिच्या शेजारच्या चार नंबरवर. तू तीन नंबरलाच पड, तिच्या पायाशी, फक्त नळी वीतभर उजवीकडे घे आणि माझ्या कार्डावर मार. हवे तितके मार. साठच्या साठ मार. तिला शेजारून दिसेल, तू आहेस हे कळेल, आणि तिची कार्डं स्वच्छ राहतील. माझं नाव कापतील. नऊ वर्षं माझा नेमबाजीचा करंडक दुकानात कढयांच्या वर ठेवलाय, छबुबाईंना देऊन टाकीन, त्यांना पळीपंचपात्र ठेवायला होईल. क्लबातून काढलं तर मागे येऊन तुमच्यात आडवा पडीन. 

ता. क. तिसरा, शनिवार, दुपारी दोन. वरचे कागद सकाळीच तुझ्या चौकटीत टाचले. तुझं उत्तर आल्याशिवाय जीव राहीना, म्हणून चार नंबरवर कोरं कार्ड लावून हात मागे बांधून उभा राहिलो. शिवांजली आणि राजश्री मॅडम साक्षीला. करकर झाली. श्वास आला, अर्धा सुटून थांबला. मग बारुदीचा वास. कार्ड ओढून घेतलं तेव्हा ते कोमट होतं. तुझं छिद्र मधल्या काळ्या गोलात नाही, काळ्याच्या कडेलाही नाही. पार कोपऱ्यात, पांढऱ्यावर, जिथं नवशिकं पोरही मारत नाही. तीस वर्षांत तू एकदाही पांढऱ्यावर मारलं नाहीस. शिवांजलीने ते बघितलं आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, “बाबाच हायेत. तुमच्यावर लई चिडलेत अजून.”

चिडलेलाच राहा. उद्या दहा वाजता सुरू होतंय.