मिनिटाला एकशे आठ हात

दि. ३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते, ते वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना ऐकू जातं, फक्त तुला जात नाही. म्हणून हे पत्र.

इथे येऊन पाच आठवडे झाले. खोलीत आम्ही दोघी. खिडकीच्या गजांवर पोहण्याचे ओले पोशाख, आणि सगळ्या खोलीला तलावाच्या औषधाचा वास. तुझ्या शर्टाला येतो तोच, म्हणून मला परकं वाटत नाही.

प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच दिवशी माझे हात मोजले. मिनिटाला शहाण्णव. पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या शर्यतीत उतरायचं तर निदान एकशे आठ हवेत, म्हणाल्या. टोपीखाली बटणाएवढं यंत्र घालायचं. ते टिक वाजलं की एक हात पाण्यात पडलाच पाहिजे. मी इमानदारीत हात वाढवले. हातांबरोबर वेळही वाढला! २८.१० होता, आता २८.९०. बाईंनी विचारलं, पोहतेयस की पाण्याला वारा घालतेयस. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मग जेवण गेलं नाही.

सप्टेंबरअखेर संघाची निवड चाचणी आहे. दोघींनाच घेणार. मी काय करू, ते कळव.

तुझी मर्जी आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी टिटवी

—

दि. ११ जून

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पाय उमटावेत तसंच आहे, त्यावरून तब्येत चांगली आहे असं समजतो.

बत्तीस वर्षं मी या तलावावर मुलांना पोहायला शिकवतोय. हात मोजायची टूम कधी काढली नाही. एक हात पुढे गेला की थांबायचं, दुसरा येऊन त्याला भेटला की मगच ओढायचं. असा लांब हात मारत तू मोठी झालीस. घाईने कोणाचं भलं झालंय? बाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग, की मोजायचे ते हात नाहीत, एका हाताला किती पाणी मागे गेलं ते.

तुझ्या आईचं दुकान ठीक चाललंय. शिवणयंत्र नवं घेतलंय, तक्रारी जुन्याच आहेत.

जेवत जा. बाकी तू सुज्ञ आहेस.
तुझा मामा

—

दि. २ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन गल्ल्या पलीकडे राहून पत्र लिहितेय, याचं नवल करू नकोस. समोर बोलले तर तू अर्धं ऐकतोस, आणि उरलेल्या अर्ध्यावर रागावतोस.

तुझं पत्र गेल्यापासून पोरीने टोपीखालचं यंत्र काढून ठेवलंय. पुन्हा लांब हात. बाईंनी कारण विचारलं तर बुडी मारून पुढे जाते. त्यांनी सांगितलं, महिनाभर बघेन, नाहीतर घरी जा. काल फोनवर ती खूप रडली. म्हणाली, आई, हात पुढे गेला की मला मामाचा आवाज ऐकू येतो, थांब. मग हात थांबतोच.

दादा, ती सात वर्षांची होती तेव्हाचं आठव. चार हात मारले की छातीचा भाता व्हायचा. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि मी तिला तुझ्या स्वाधीन केलं. तू तिला थांबायला शिकवलंस, तेव्हा कुठे तिला श्वास पुरायला लागला. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण आता ती एकोणीस वर्षांची आहे. दमा गेला, थांबणं राहिलं. बाईंनी शंभरदा सांगून उपयोग नाही. तुझा शब्द ती मोडायची नाही. तो तुलाच मागे घ्यावा लागेल.

लहान तोंडी मोठा घास घेतला. रागावलास तर रागाव, पण पत्र तिला घाल.

तुझी धाकटी

—

दि. ९ जुलै

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने माझे कान उपटले. चालत नसले तरी दुखतात.

परवा दुपारी तलाव सफाईसाठी बंद होता. तिकीट खिडकीवरच्या कारकुनाच्या हातात घड्याळ दिलं आणि एकसष्टाव्या वर्षी पाण्यात उतरलो. पंचवीस मीटर आपल्या पद्धतीने, थांबून: एकवीस सेकंद. मग न थांबता: बावीस. मनात म्हटलं, बघा, मीच खरा. पण मी नुसता धडपडलो होतो, तुझ्यासारखाच. दम खाल्ला. तिसऱ्यांदा हात पाण्यात गेल्यागेल्या बोटं खाली वळवली, कोपर वर ठेवलं, कोपरापासून पंज्यापर्यंतच्या सगळ्या हाताने पाणी धरलं आणि लगेच ओढलं. एकोणीस. कारकून म्हणाला, घड्याळ बिघडलंय.

कळलं ते असं. हात पुढे थांबतो तेवढ्यात अंगाचा वेग मरतो. चढावर हातगाडी थांबवून पुन्हा ढकलावी, तसं दर हाताला होतं. लांब अंतराला चालेल, पन्नास मीटरला नाही. पण पाणी न धरता नुसते हात फिरवलेस, तरी फुकट. तेव्हा आधी पकड, मग वेग. पंधराच मीटर मार, पूर्ण दम घे, पुन्हा मार. आठवड्याला दोनच हात वाढव. पाणी निसटायला लागलं की खाली ये. आणि हे सगळं बाईंना विचारून कर. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

थांब म्हणालो होतो ते तुझ्या छातीसाठी, शर्यतीसाठी नाही. तेवढं सांगायचं राहून गेलं. चूक माझी. आता थांबू नकोस.

काळजी घे, आमची करू नकोस.
तुझा मामा

—

दि. २८ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आधी निकाल. तिसरी आले. नऊ शतांश सेकंदांनी माझी जागा गेली. मी राखीव.

तुझं पत्र बाईंना दाखवलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं आणि यंत्र अठ्ठ्याण्णववर लावून दिलं. ऑगस्टमध्ये एकशे दोनवर अडकले. पुढे गेलं की पाणी निसटायचं. खांदे इतके भरून यायचे की वेणी मैत्रीण घालून द्यायची. बाई रोज म्हणायच्या, पंधरा मीटर, बस्स. मग एका सकाळी एकशे चार, आणि पाणी हातातच.

काल शर्यतीत मिनिटाला एकशे सात हात पडले. वेळ २७.६४. शेवटच्या दहा मीटरांत छाती फुटेल असं वाटलं, पण फुटली नाही. पाण्यात कोणाचाच आवाज नव्हता, मामा. तुझाही नाही. नंतर कपडे बदलायच्या खोलीत बसून मी रडले, हरल्यामुळे की कशामुळे, मला सांगता येणार नाही. बाई येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, वेग वाढवायला मी शिकवलं, पण तुझ्या हाताची पकड पहिल्या दिवसापासून होती. ती मला कोणाला शिकवायला जमलेली नाही. ज्यांनी शिकवली, ते लहान मुलींसाठी पंधरा दिवस इथे येतील का?

मी सांगितलं, विचारून बघते. येशील?

उत्तराची वाट बघतेय, लवकर लिही.
तुझी टिटवी

—

दि. ५ ऑक्टोबर

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

रजेचा अर्ज दिला. बत्तीस वर्षांत पहिलाच, म्हणून कार्यालयात माझा कागद कुठल्या फायलीत लावायचा ते कोणाला कळेना. सोमवारी निघतो. बाईंना सांग, माझ्याशी तोंडासमोर येऊन बोलावं लागेल, आणि पकड शिकवीन, पण वेगाच्या वर्गाला मी मुलींमागे बाकावर बसेन.

तुझं पत्र वाचून काल काठावर घड्याळ घेऊन बसलो. नऊ शतांश म्हणजे केवढं, ते बघायचं होतं. बटण दाबायचं आणि लगेच पुन्हा दाबायचं. वीसएक वेळा केलं. चौदा शतांशांच्या खाली माझं बोट काही जाईना. पोरी, तू जेवढ्याने हरलीस, तेवढं मला मोजतासुद्धा येत नाही.

भेटीअंती बाकीचं.
तुझा मामा