पाण्यातला वास कुठं गेला

जुन्नर, ४ डिसेंबर २०२४

प्रिय रूहीस,

कैफचा सलाम. वि. वि., ज्या क्षणी अम्मी उकळतं पातेलं हुंगून म्हणाली की वास गेला, पाणी सुधारलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

आमिनाआपा इथं बाळंतीण आहे, ठाऊकच आहे तुला. वारं लागू नये म्हणून खिडकी कापडं कोंबून बंद, शेगडी आत, आणि विहिरीचं ते वास मारणारं पाणी तिथंच उकळत ठेवलेलं. आपाचं डोकं लई गरगरतं, बाळ दूध ओढत नाही. मी बोललो तर अम्मी म्हणते की कॉलेज अर्ध्यात टाकून आलेल्यानं डॉक्टरकी शिकवू नये. सरांशी भांडून निघालो, त्याचं हे बक्षीस!

पण वास गेला तो गेला कुठं? बंद बाटलीत अर्धं पाणी, अर्धी हवा ठेवून आपण दोघं मोजायचो ना, एखादा पदार्थ पाण्यात किती राहतो नि हवेत किती निघतो? तेच कर. बाटल्या काठोकाठ भरल्यात, बुडबुडा ठेवला नाही. मामूंनी आपल्या लेकीचा, तुझा फोन काढून घेतल्यापासून तुझ्या खोलीतली समृद्धी हाच आपला पोस्टमन. ती तिच्या गावाहून, बोरीहून परत येताना आणेल. एरवी नाही, तर निदान बाटल्या बघून तरी माझी आठवण काढ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझाच,
कैफ

पुणे, १० डिसेंबर

प्रिय कैफ,

सलाम. बाटल्या पोचल्या. आठवण यायला मला बाटली लागते असं वाटतं तुला? वेडाच आहेस.

लॅबमधल्या मशीनवर लावून पाहिलं. गार बाटलीत त्या वासाच्या रसायनाचा पाव हिस्सा वरच्या हवेत होता, साठ अंशांना निम्म्याहून जास्त. मग उघड्या पातेल्यात उकळल्यावर पाण्यात राहणार काय? सगळं त्या खोलीत, आपाच्या आणि बाळाच्या श्वासात. वाचताक्षणी दोघांना बाहेर काढ, डॉक्टरांना दाखव. समृद्धीची आई बोरीला ठेवून घ्यायला तयार आहे.

आता पुढचं बसून वाच. अब्बा गॅरेजात ज्यानं मशीनचे पार्ट धुतात, तेच आहे ते. त्यांच्या डब्यातलं थोडं मागवून तपासलं, जुळलं. उरलेलं ते गॅरेजामागे, तुमच्या विहिरीपाशी ओततात. इतकी वर्षं ओततायत, त्यांना यातलं काही माहीत नाही.

कैफ, अब्बांनी आपल्या लग्नाला हो म्हटलंय. समृद्धीच्या फोनवर स्वतः बोलले. रविवारी मी येते, घरात बसून मीच त्यांना समजावीन. माझं ते ऐकतात. तोवर चार माणसांत एक शब्द काढू नकोस. तुझं डोकं माहीत आहे म्हणून हात जोडते.

लोभ आहेच, तो सांभाळणं तुझ्या हातात.

रूही

जुन्नर, १४ डिसेंबर

प्रिय रूहीस,

सलाम. आपा आणि बाळ बोरीला सुखरूप. डॉक्टर म्हणाले की वेळेत काढलंत. बाळ काल पोटभर प्यालं. इथवर तुझं ऐकलं.

काल जुम्म्याच्या नमाजनंतर गॅरेजात गर्दी होती. मामू तोच डबा घेऊन विहिरीकडे निघाले आणि माझं डोकं फिरलं. डबा हिसकावला. ओरडलो की सख्ख्या बहिणीच्या घरात विष सोडताय, लाज वाटत नाही का. पोरं हसली, कुणीतरी मोबाइल काढून शूटिंग केलं. मामूंनी सवयीनं त्याच रसायनात भिजलेल्या फडक्यानं हात पुसले, मग हात नाकाशी नेऊन उभे राहिले. हळू विचारलं की हेच घरात येऊन सांगितलं असतंस, तर मी नाही म्हणालो असतो का?

संध्याकाळी त्यांनी स्वतः विहिरीवर पत्रा टाकला, डबे उचलून नेले. आणि अम्मीकडे निरोप ठेवला की सासऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणारा जावई नको. अम्मीनं पदर पसरला. ऐकलं नाही.

तू उद्या येशील, माझ्यासाठी भांडशील. नको भांडूस. राग अजून उतरला नाही, आणि तो डबा दिसला तर मी पुन्हा हिसकावीन, हेही खरं. असल्या माणसाला पोरगी कशी द्यावी? पण परवापर्यंत तू माझी होतीस, रूही. मामूंची छाती तेवढी तपासून घे. सगळ्यांत जास्त त्यांनीच हुंगलंय.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडानं लिहू? आपाचे कपडे घेऊन बोरीला निघालोय, चिठ्ठी तिथं आलेल्या समृद्धीकडे देईन. अम्मी सकाळीच तिकडे गेली, घरात कुणी नाही. उठतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.

कैफ